लोगो झाका आणि मग गाडी ओळखा

सुझुकी बलेनो आणि टोयोटा ग्लान्झा या एकच गाडी आहेत हे बऱ्याच जणांना माहिती असतं, पण तीच गाडी आफ्रिकेत टोयोटा स्टारलेट म्हणून विकतात हे सांगितलं की समोरचा दोन सेकंद गप्प होतो. या प्रकाराला बॅज इंजिनीअरिंग म्हणतात, नाव एकदम भारी, पण इंजिनीअरिंग त्यात सगळ्यात कमी असतं. आता अशा जुळ्या गाड्या स्वतः कशा ओळखायच्या ते सांगतो, वापरलेली गाडी घेताना किंवा पार्ट शोधताना फार कामाला येतं.

पहिली गोष्ट म्हणजे गाडीचं तोंड बघायचंच नाही. कंपनीला ग्रिल, बंपर, लाईट बदलणं स्वस्त पडतं म्हणून ती तेवढंच बदलते आणि आपण नेमके तिथेच फसतो. दरवाजे, छत, पुढची काच यांचे साचे बनवायला प्रचंड पैसा लागतो, त्यामुळे ते सहसा कोणी बदलत नाही. म्हणून गाडी बाजूने बघा, दोन्ही फोटो शेजारी ठेवा आणि दरवाज्याची कड, खिडकीची रेष, आरसा कुठे बसवलाय, हँडल कसं आहे एवढंच ताडून बघा. सित्रोएन सी१, प्यूजो १०७ आणि टोयोटा आयगो या तिघी २००५ पासून चेक प्रजासत्ताकातल्या कोलीनच्या एकाच कारखान्यातून यायच्या, बाजूने बघितल्या की बहिणी आहेत हे लगेच कळतं.

मग व्हीलबेस बघा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधलं अंतर. एकूण लांबीवर जाऊ नका, बंपर बदलला की लांबी बदलते. पण नुसता व्हीलबेस जुळला म्हणून उड्या मारू नका. टोयोटा सुप्रा आणि बीएमडब्ल्यू झेड४ दोन्हींचा व्हीलबेस २४७० मिलिमीटर आहे, दोन्ही ऑस्ट्रियात ग्राझला बनवल्या, इंजिनंही बीएमडब्ल्यूचीच, तरी एक बंद कूपे आणि दुसरी उघड्या छताची, बाहेरचा एक पत्रा जुळत नाही. त्याला प्लॅटफॉर्म शेअरिंग म्हणायचं, म्हणजे सांगाडा एक आणि कपडे वेगळे. दरवाजे आणि व्हीलबेस दोन्ही जुळले तर मात्र समजायचं की फक्त लोगो बदललाय.

खरी पोल खोलतो तो चेसिस नंबर. १७ अक्षरं-आकड्यांचा असतो, त्यातली पहिली तीन अक्षरं कोणी आणि कुठे बनवली ते सांगतात. जे म्हणजे जपान, के म्हणजे कोरिया, झेड म्हणजे इटली, एल म्हणजे चीन, अशी सुरुवात असते. टोयोटा जीटी८६ घ्या, लोगो टोयोटाचा, पण चेसिस नंबर जेएफ१ ने सुरू होतो आणि ते सुबारूचं चिन्ह आहे, कारण ती आणि सुबारू बीआरझेड दोन्ही सुबारूच्याच कारखान्यात बनायच्या. गंमत म्हणजे इंजिनालाही दोन नावं, सुबारू त्याला एफए२० म्हणते आणि टोयोटा ४यू-जीएसई! म्हणजे इंजिन कोड वेगळा दिसला म्हणून इंजिन वेगळंच असेल असं धरून चालू नका.

बोनेटखाली आणि दरवाज्याच्या आत पण एकदा डोकवा. काचेच्या कोपऱ्यातला शिक्का, प्लास्टिकच्या पार्टवर मागून कोरलेला लोगो, स्टिकर, इथे कधीकधी मूळ कंपनीचं नाव तसंच राहून जातं, मला तर हे शोधायला भयंकर मजा येते.

या खेळातला खरा बादशहा इसुझू ट्रूपर. अमेरिकेत अ‍ॅक्युरा एसएलएक्स, ऑस्ट्रेलियात होल्डन जॅकरू, युरोपात ओपेल माँटेरे, ब्रिटनमधे व्हॉक्सहॉल माँटेरे, आणि जपानमधे होंडा होरायझन, सुबारू बिगहॉर्न. प्रत्येकाला आपल्या शोरूममधे एक मोठी फोरव्हील ड्राइव्ह हवी होती आणि स्वतः बनवायचा खर्च नको होता, बस.

आता उलटा घोळ. नाव एकच पण गाडी वेगळी. होल्डन बरीना आधी सुझुकीची स्विफ्ट होती, मग १९९४ पासून ओपेल कोर्सा झाली आणि २००५ नंतर कोरियातली देवूची गाडी. तीन वेगळ्या कंपन्या, नाव तेच! त्यामुळे पार्ट मागवताना नुसतं नाव सांगून भागत नाही, वर्ष आणि चेसिस नंबर द्याच. मित्सुबिशी पजेरोचं अजून तिसरंच, लोगो तोच पण नाव बदललं, ब्रिटनमधे शोगन आणि स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत माँटेरो, कारण स्पॅनिशमधे पजेरो हा शब्द चारचौघात उच्चारायच्या लायकीचा नाही.

जुळी सापडली की करायचं काय? दोन्ही नावांनी पार्ट नंबर शोधा, एकाच पार्टचे दोन भाव दिसू शकतात. पण सगळंच बसेल असं नाही, जीटी८६ आणि बीआरझेडचं सस्पेन्शन सेटिंग सुरुवातीपासून वेगळं होतं, आणि बंपर, लाईट तर उघडच वेगळे. नवी घेत असाल तर लोगोपेक्षा वॉरंटी किती वर्षांची आणि सर्व्हिस सेंटर किती लांब हे बघा, फरक तिथेच पडतो.

आणि रिकॉल, म्हणजे दोष निघाल्यावर कंपनी गाड्या परत बोलावते ते, तपासताना भावंडाचं नाव विसरू नका. अमेरिकेतल्या पाँटिअ‍ॅकची व्हाइब ही आतून टोयोटा मॅट्रिक्स, दोन हजार दहाच्या जानेवारीत टोयोटाने अडकणाऱ्या अ‍ॅक्सिलरेटर पेडलसाठी गाड्या परत बोलावल्या त्यात २००९ आणि २०१० च्या व्हाइबही होत्या, आणि तोपर्यंत पाँटिअ‍ॅक हा ब्रँड गुंडाळायचा निर्णयही झालेला होता. लोगोची कंपनी बंद पडली तरी आतला पेडल टोयोटाचाच, म्हणून रिकॉलच्या यादीत दोन्ही नावं टाकून बघा आणि चेसिस नंबर टाकून खात्री करून घ्या.