फॉरमॅट मारायच्या आधी: गावच्या कॉम्प्युटरवर होणाऱ्या या चुका टाळा

प्रवेशाचे अर्ज, दाखले, पीक विमा हे सगळं जून-जुलैत एकदमच अंगावर येतं आणि केंद्रावरचा कॉम्प्युटर नेमका तेव्हाच अडकतो. यवतमाळ-वाशीमकडच्या सेवा केंद्रांत, झेरॉक्सच्या दुकानांत, ग्रामपंचायतींत हेच चालतं. माझं ठाम मत आहे की बिघाडामुळे जेवढ्या फायली जातात, त्याहून जास्त बिघाडानंतरच्या घाईच्या दुरुस्तीत जातात. म्हणून क्रम ठरवून टाका: आधी फायली बाहेर काढायच्या, मग मशीनला हात लावायचा.

"सी फक्त साफ करतो, डीला हात लावत नाही"

विंडोज चालू होत नाही म्हटलं की तालुक्याला उत्तर ठरलेलं असतं, फॉरमॅट मारून देतो. डी ड्राइव्ह सुरक्षित राहील, असंही सांगतात आणि ते खरंही असतं. पण डेस्कटॉप कुठे असतो? पडद्यावर समोरच दिसतो म्हणून तो वेगळा वाटतो. प्रत्यक्षात तो सी ड्राइव्हवर, यूजर्स नावाच्या फोल्डरमध्ये, तुमच्या नावाच्या फोल्डरच्या आत असतो. डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्सही तिथेच. सी साफ झाला की हे सगळं गेलं. मग दुसऱ्या दिवशी पोरगं विचारतं, "भाऊ, मायी टीसी डेस्कटॉपवर ठेवली होती, कुठी गेली?"

विंडोज सुरू होत नाही म्हणजे फायली गेल्या असं नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून उबुंटू किंवा लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सच्या फुकट सिस्टिम) एका रिकाम्या पेन ड्राइव्हवर बनवून घ्या. बंद पडलेलं मशीन त्यावरून सुरू करा. इन्स्टॉल दाबायचं नाही, फक्त वापरून बघण्याचा पर्याय घ्यायचा. सी ड्राइव्ह उघडला की यूजर्स फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. नव्या लॅपटॉपवर ड्राइव्ह कुलूपबंद असेल आणि बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या त्या कुलपाची, की मागितली, तर ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. हे जमण्यासारखं नसेल तर दुकानदाराला स्पष्ट सांगा: "दादा, आधी यूजर्स फोल्डर काढून द्या, मी उघडून बघतो, मग फॉरमॅट करा." उघडून बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

डीवर ठेवलं म्हणजे बॅकअप झाला, असंही धरू नका. बऱ्याच जुन्या मशीनमध्ये सी आणि डी हे एकाच हार्ड डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क बसली की दोन्ही बसतात. डिस्कमधून कटकट आवाज येत असेल, तर चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन चालवत बसू नका. ते फाईल सिस्टिमची मांडणी दुरुस्त करतं, डिस्कची झीज नाही. मरायला टेकलेल्या डिस्कला तासभर वाचायला लावलं की ती आणखी लवकर जाते.

पेन ड्राइव्हमध्ये सगळे शॉर्टकट दिसतात तेव्हा

पेन ड्राइव्ह लावला, फोल्डर दिसले, पण प्रत्येकाच्या चिन्हावर छोटा बाण आहे. तिथे डबल क्लिक करू नका. व्हायरसने खरे फोल्डर लपवून त्याच नावाचे शॉर्टकट ठेवलेले असतात आणि क्लिक केलं की तो तुमच्या मशीनवर चालू होतो. एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये लपलेल्या फायली दाखवा. तरी काही दिसलं नाही, तर फोल्डर ऑप्शन्समध्ये सिस्टिमच्या संरक्षित फायली लपवण्याची खूण काढा. कधीकधी सगळा मजकूर बिननावाच्या एका फोल्डरमध्ये सापडतो. त्यातले फोटो आणि पीडीएफच उचला, अँटिव्हायरसने तपासा, मग पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा.

त्याच व्ह्यूमध्ये फाईलचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, दाखवायचा पर्यायही कायमचा चालू ठेवा. नाहीतर 'दाखला.पीडीएफ.ईएक्सई' ही फाईल तुम्हाला 'दाखला.पीडीएफ' एवढीच दिसते. आणि फोटोचं शेपूट पीएनजीचं जेपीजी केलं म्हणून तो जेपीजी होत नाही. नाव बदलतं, आतला मजकूर तोच राहतो. पोर्टल फोटो नाकारत असेल, तर पेंटमध्ये उघडून 'सेव्ह अ‍ॅज' करा.

लग्नाचा मोठा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर जात नसेल, तर पेन ड्राइव्ह लगेच फेकू नका. तो एफएटी ३२ या फायली मांडायच्या जुन्या पद्धतीत असेल, तर ४ जीबीची एकच फाईल त्यावर मावत नाही, जागा कितीही रिकामी असो. आतलं सामान काढून एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट करा.

डिलीट झालं? मशीन वापरू नका

पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्ये सहसा जात नाही. शिफ्ट धरून डिलीट केलेलंही जात नाही. पण डिलीट म्हणजे लगेच पुसणं नव्हे. सातबाऱ्यावरचं नाव कमी झालं तरी शेत जागच्या जागी असतं, तसंच इथे आहे. फाईलची नोंद जाते, मजकूर डिस्कवर पडून राहतो आणि त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की कायमचा जातो. म्हणून त्या ड्राइव्हवर काही डाउनलोड करू नका. फाईल परत मिळवायचं सॉफ्टवेअरसुद्धा त्याच ड्राइव्हवर टाकू नका. फोटोरेकसारखं साधन दुसऱ्या मशीनवर ठेवून चालवा आणि सापडलेलं तिसरीकडे साठवा. एसएसडी (फिरती तबकडी नसलेली नव्या प्रकारची डिस्क) असेल तर आशा कमी, कारण ती रिकामी जागा लवकरच खरोखर मोकळी करून टाकते.

फाईल करप्ट झाली, असं म्हणून टाकून देतात ती

ग्रामपंचायतीचा जुना ठराव उघडला आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसला, तर बहुतेक वेळा फाईल धडधाकट असते. कृतीदेव, श्रीलिपी असे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर देवनागरीचे आकार बसवतात. तो फॉन्ट मशीनवर नसला की मूळची अक्षरं उघडी पडतात. काही न बदलता, सेव्ह न करता फाईल बंद करा, तो फॉन्ट टाका, पुन्हा उघडा. फॉरमॅटनंतर हे हटकून होतं, कारण फॉन्टही सी ड्राइव्हवरच असतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण गावचं कितीतरी दप्तर असं वाचता येत असूनही फेकलं गेलं असेल. नवं टायपिंग मात्र युनिकोडमध्येच करा, ते अशा खास फॉन्टवर अवलंबून नसतं.

बंद करून चालू केलं, तरी तेच

प्रिंटर ऐकत नाही, अंगठ्याचं मशीन दिसत नाही, म्हणून कॉम्प्युटर बंद करून चालू करतात आणि फरक पडत नाही. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आहे. तो चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि पुन्हा तोच उचलला जातो. 'रीस्टार्ट' केलं तर सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून अडलं की रीस्टार्ट करा.

लाइन आणि सफाई

अपडेट चालू असताना लाइन गेली तर विंडोज अर्धवट राहू शकतं. एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फायली मांडायची पद्धत) आपली मांडणी बहुधा सावरून घेतं, पण सेव्ह न केलेला अर्ज सावरत नाही. घरच्या इन्व्हर्टरवर यूपीएसचा खटका असतो, तो लावलेला आहे का बघा. दुसऱ्या मोडवर लाइन बदलताना मशीन रीस्टार्ट होऊ शकतं.

'पीसी फास्ट करा' म्हणणारे सफाईवाले आणि ड्रायव्हरवाले (ड्रायव्हर म्हणजे प्रिंटरसारखं यंत्र विंडोजला ओळखू देणारा प्रोग्राम) प्रोग्राम टाकू नका, दोन अँटिव्हायरसही नकोत. विंडोजमधली साधनं पुरतात. फक्त स्टोरेजमधून तात्पुरत्या फायली काढताना यादीत डाउनलोड्सवर टिक नाही ना, ते पाहा. लोकांचे दाखले तिथेच असतात. एसएसडीला बाहेरचं डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे जुळवणारं साधन) लावू नका, विंडोज तिची निगा स्वतः घेतं.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुनं मशीन विंडोज ११ घेत नसेल आणि लिनक्सकडे वळायचं असेल, तर अंगठ्याच्या मशीनचा आणि प्रिंटरचा ड्रायव्हर लिनक्सवर मिळतो का, ते आधी बघा.