लिगामेंटच्या ऑपरेशननंतर वर्षांनी नडगीवर गाठ आली तर

मी कराडकडची फिजिओथेरपिस्ट, माझ्याकडे कबड्डीची पोरं जास्त. एसीएलचं, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या पुढच्या लिगामेंटचं ऑपरेशन होऊन वर्षं लोटलेली असतात, खेळ सुरू असतो आणि एक दिवस जुन्या व्रणाजवळ लिंबाएवढी गाठ दिसते. बहुतेक जण आधी ती चोळून घेतात. कृपा करून चोळू नका, शेकू नका.

ऑपरेशनमध्ये नडगीच्या हाडात बोगदा पाडून त्यातून बहुतेकदा मांडीमागचं टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) नवं लिगामेंट म्हणून ओवतात आणि स्क्रूने घट्ट बसवतात. हा स्क्रू बऱ्याचदा विरघळणारा असतो. तो विरघळताना कधी भोवतालचं हाड झिजतं. कधी टेंडन बोगद्याला नीट धरत नाही आणि सांध्यातलं पाणी झिरपत खाली उतरतं. बोगदा रुंदावतो, हाडात पोकळी होते, पाणी त्वचेखाली येऊन फुगतं.

गुडघा वाकवून बसा आणि नडगीच्या आतल्या बाजूला, व्रणापाशी अंगठ्याने हलकं दाबा. गाठ मऊ आहे की टणक, पळल्यावर वाढते का, हे लिहून ठेवा. लाली, ताप किंवा स्राव असेल तर त्याच दिवशी सर्जनकडे जा.

जाताना जुनं डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट न्या. त्यावर इम्प्लांटचं स्टिकर असतं, स्क्रू कशाचा ते त्यावरून कळतं. विरघळणारा स्क्रू एक्स-रेत सहसा दिसत नाही, रुंदावलेला बोगदा मात्र दिसतो. गाठीचा सांध्याशी संबंध आहे का, हे एमआरआय सांगतो. हाड किती गेलंय ते सीटी स्कॅन. टायटॅनियमचा स्क्रू असला तरी एमआरआय होतो. सोबत ईएसआर, सीआरपी या सूज-संसर्ग दाखवणाऱ्या रक्ततपासण्या. पाणी काढलंच तर ते कल्चरला (जंतू वाढतात का ते पाहायला) आणि आपल्याकडे टीबीच्या तपासणीलाही पाठवायला सांगा. नुसतं सुईने पाणी काढून भागत नाही, गाठ बहुधा पुन्हा भरते.

मग सर्जनना एकच प्रश्न नेटाने विचारा: नवं लिगामेंट अजून पकडून आहे का? पुढचं सगळं त्यावर ठरतं. पकड चांगली असेल तर गाठ काढून, बोगदा खरवडून, स्क्रूचे तुकडे उचलून पोकळीत हाडाचा चुरा भरतात. लहान, न दुखणारी गाठ असेल तर नुसती नजर ठेवूनही चालतं. लिगामेंटच सैल झालं असेल तर बऱ्याचदा आधी हाड भरून घेतात आणि काही महिन्यांनी नवं लिगामेंट बसवतात.

हाड भरल्यावर पायावर किती भार द्यायचा, हे लेखी घ्या. पोकळी भरल्याचं एक्स-रेत दिसेपर्यंत चढाईला उतरू नका, स्पर्धा कुठलीही असो.