ऑटिझमसाठी रोज १०,००० पावलं: या चुका टाळा

२ एप्रिल हा जागतिक ऑटिझम जागरूकता दिन. संयुक्त राष्ट्रांनी २००७ मध्ये तसा ठराव केला आणि २००८ पासून तो पाळला जातो. ब्रिटनमध्ये ‘वॉक फॉर ऑटिझम’ हा उपक्रम याच दिवसाला धरून होतो: २६ मार्च ते २ एप्रिल असे आठ दिवस रोज १०,००० पावलं चालायची आणि त्यानिमित्ताने ओळखीपाळखीच्या लोकांकडून देणग्या गोळा करायच्या. सोसायटीचा, ऑफिसचा किंवा पालकांचा गट इथेही असं आव्हान घेऊ शकतो. फक्त इथलं ऊन, इथले करनियम आणि ढोल-ताशांची आपली हौस आधीच लक्षात घ्यायला हवी.

एकदम १०,००० वर उडी

मिनिटाला १०० पावलांच्या चालीने १०,००० पावलांना १ तास ४० मिनिटं लागतात. एक पाऊल ७० सेंटिमीटरचं धरलं तर अंतर होतं ७ किलोमीटर. एरवी दिवसाला चारेक हजार पावलं चालणारा माणूस पहिले दोन दिवस हे सहज करतो. मग नडगी ठणकायला लागते, किंवा सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताच टाचेत कळ येते. दमसास लवकर वाढतो, हाडं आणि स्नायुबंध मात्र सावकाश तयार होतात, म्हणून ही फसगत. फेब्रुवारीच्या मध्यापासून सुरुवात करा आणि रोजच्या पावलांत दर आठवड्याला हजार-बाराशेचीच भर घाला. आव्हानाच्या दिवसांत सकाळी ६,००० आणि संध्याकाळी ४,००० अशी विभागणी सोयीची पडते. नडगीच्या हाडावर बोट ठेवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल तर चालणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

आणि १०,००० हा आकडा काही पवित्र नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ अशा अर्थाचं होतं, तिथून तो रूढ झाला. गुडघे कुरकुरत असतील तर ६,००० चं लक्ष्य ठेवा आणि देणगीदारांना तसं सांगा.

बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. बोटांच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओल्या कातडीवर फोड लवकर येतात. जागा लाल होऊन चुरचुरली की तिथल्या तिथे चिकटपट्टी लावा. आलेला फोड फोडू नका.

ॲप पावलं खातं

फोनचा बॅटरी सेव्हर चालू असला की ॲप मागच्या मागे बंद पडू शकतं. घड्याळ बांधलेला हात बाबागाडीच्या दांड्यावर असेल तर हात हलत नाही आणि पावलं मोजली जात नाहीत. फोन खिशात ठेवून तोंडाने मोजत १०० पावलं चाला. ॲपवर ९५ ते १०५ दिसली तर ठीक. ७० दिसली तर फोनची जागा बदला. आठही दिवस फोन किंवा घड्याळ यांपैकी एकाचाच आकडा धरा आणि झोपण्यापूर्वी स्क्रीनशॉट काढून ठेवा.

ऊन

मार्चअखेरीस विदर्भात पारा चाळिशीला टेकतो. आठच्या आत घरी या, उरलेली पावलं सूर्य कलल्यावर. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवा. ग्लासात अंदाजाने चिमटी टाकली तर क्षारांचं प्रमाण बिघडतं. चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं यांपैकी काहीही झालं तर त्या दिवसाची पावलं सोडून द्या.

पैसे स्वतःच्या खात्यात

सगळ्यांनी तुमच्या यूपीआयवर पैसे टाकले आणि तुम्ही एकरकमी संस्थेला दिले, तर देणगीदार म्हणून नाव तुमचं लागतं आणि इतरांना पावती मिळत नाही. सुरुवातीपासून संस्थेचाच क्यूआर कोड पाठवा आणि पावतीसाठी नाव-पॅन थेट संस्थेला द्यायला सांगा. देणगीवरची ८०जी म्हणून ओळखली जाणारी करसवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, तीही संस्थेची तशी नोंदणी असेल तर. २,००० रुपयांवरची रोख देणगी तिच्यात बसत नाही. हे आव्हान ३१ मार्च ओलांडून जातं, त्यामुळे चालू आर्थिक वर्षाची सवलत हवी असलेल्यांना ३० तारखेलाच आठवण करा. पगाराची वाट पाहणाऱ्यांना १ तारखेला.

परदेशातल्या नातेवाइकांकडे परकीय पासपोर्ट असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, तर त्यांची देणगी परकीय ठरते. ती फक्त एफसीआरए या परकीय देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते.

भाषा आणि फोटो

‘ऑटिझमग्रस्त’, ‘पीडित’, ‘बिचारी मुलं’ हे शब्द संदेशातून काढा. ऑटिझम हा आजार नाही. ती मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण आहे आणि ती मोठेपणीही राहते, म्हणून आवाहनात फक्त लहान मुलं नकोत. ऑटिझमसाठी वापरलं जाणारं कोड्याच्या (जिगसॉ) तुकड्याचं चिन्ह अनेक ऑटिस्टिक लोकांना आवडत नाही, ते रंगीत अनंतचिन्ह (∞) पसंत करतात. फोटो वापरण्यापूर्वी त्या व्यक्तीला आणि पालकांना विचारा.

शेवटच्या दिवशीचा गोंगाट

सगळ्यात मोठी चूक इथे होते. ज्यांच्यासाठी आठ दिवस चाललो त्यांना समारोपाला बोलवायचं आणि स्वागताला ढोल-ताशा, शिट्ट्या, फुटणारे फुगे. पहिला टोला पडताच एखादा मुलगा दोन्ही कान दाबून खाली बसतो, आई त्याला उचलून गेटकडे निघते आणि स्टेजवर सत्कार चालू राहतो. कित्येक ऑटिस्टिक लोकांना आवाज, उजेड आणि स्पर्श फार तीव्र जाणवतात. ढोल नको, माइक हळू, हार-मिठी विचारल्याशिवाय नको, टी-शर्टच्या मानेला टोचणारं लेबल नको. कोणी हात फडफडवत असेल, डोलत असेल, तर थांबवू नका. त्याने त्यांना सावरायला मदत होते.

समारोपाच्या दोन दिवस आधी त्यांच्या घरी फेरीच्या मार्गाचे फोटो क्रमाने पाठवा: गेट, झाड, बाक, स्वच्छतागृह, पाण्याचं टेबल, परतीची जागा. वेळ आणि मार्ग ऐनवेळी बदलू नका. एक शांत खोली किंवा सावलीतला कोपरा राखून ठेवा. ५०० मीटरची छोटी फेरी ठेवा, कुठूनही परत फिरता येईल अशी. काही मुलं न सांगता पाण्याकडे धावतात, म्हणून मार्ग तळ्याच्या किंवा विहिरीच्या कडेने नको. प्रत्येक मुलामागे एक ठरलेला मोठा माणूस हवा आणि मुलाच्या मनगटावर पालकांचा फोन नंबर.