व्हायोलिनची शिकवणी लावताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकाच वेळी दोन शिक्षक. पालक ती चांगल्या हेतूनं करतात, म्हणून जास्त वाईट वाटतं.

माझ्याकडे नऊ वर्षांची एक मुलगी आली होती. तोवर ती बुधवारी एका शिक्षकांकडे वेस्टर्न शिकायची, ग्रेडची परीक्षा द्यायची म्हणून. शनिवारी हिंदुस्थानी, दुसऱ्या शिक्षकांकडे. वाद्य एकच. वेस्टर्नला तारा जी, डी, ए, ई. शनिवारच्या सरांचा सा पांढरी दोनचा (पेटीची दुसरी पांढरी पट्टी, म्हणजे डी) आणि तारा प-सा-प-सा, म्हणजे जाड तार एक स्वर चढवायची आणि बारीक तार एक स्वर उतरवायची. आठवड्यातून दोनदा खुंट्या पिळून पिळून त्या सटकायला लागल्या, बारीक तार तुटली. तार दुकानात मिळते हो, पण बोटांचं काय? बारीक तारेवर पहिलं बोट त्याच जागी ठेवलं की बुधवारी एफ शार्प आणि शनिवारी रे. पहिल्या दिवशी तिला वाजव म्हटलं, तर गज तारेवर टेकवून ती थांबली आणि म्हणाली, "सर, आज कुठलं?"

बैठकीचंही तेच. वेस्टर्नमध्ये उभं राहून वाद्य हनुवटी आणि खांद्यात धरतात. आपल्याकडे मांडी घालून बसतात, वाद्याचं टोक उजव्या पावलावर टेकतं, म्हणून डावा हात मींडेसाठी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायला, मोकळा राहतो. या मुलीनं दोन्हीकडे वाद्य पडेल या भीतीनं वाद्याची मान (दांडा) घट्ट आवळायची सवय लावून घेतली होती. अंगठ्याला घट्टा पडलेला. मी तिच्या आईला म्हटलं, "ताई, दोन्ही संगीतं मोठी आहेत, पण पहिली दोन-तीन वर्षं एकच धरा." त्यांनी हिंदुस्थानी धरलं. अंगठा सुटायला सहा महिने गेले.

दुसरी चूक: शिक्षकांची पद्धत न विचारता फी विचारणं. 'हिंदुस्थानी' एवढ्यानं भागत नाही. एन. राजम किंवा डी. के. दातार यांच्या वाटेनं शिकवणारे गायकी अंगाचे, म्हणजे गळ्यासारखं वाजवणारे, शिक्षक आधी बंदिश गायला लावतील, मग वाजवायला. व्ही. जी. जोग यांच्या वादनात गायकीबरोबर गतकारी (वाद्यासाठीच बांधलेल्या रचना) आणि लयकारीही (लयीचे खेळ) आहे. त्या वळणाच्या शिक्षकांकडे गजाच्या बोलांवर, म्हणजे गजाच्या आघातांवर, जोर असतो. गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये मुलं आधी सोल्फेज (डो-रे-मी) गाऊन स्वरलेखन वाचायला शिकत, आणि तिथून आलेल्या वादकांनी मुंबईचे सिनेमाचे ऑर्केस्ट्रा भरले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलालजींचे (लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले) गुरू. सुझुकी पद्धतीत मात्र वाचन नंतर, आधी भरपूर ऐकणं. जपानच्या शिनिची सुझुकींचा आग्रह होता की मूल मातृभाषा शिकतं तसं संगीत शिकेल. त्यामुळे तिथे आई किंवा बाबा वर्गात बसतात आणि घरी सराव करून घेतात. लोक सुझुकीचं पहिलं पुस्तक आणतात, रेकॉर्डिंग एकदाही लावत नाहीत आणि मुलाला वर्गाच्या दारात सोडून निघून जातात. हे सुझुकी नव्हे.

वर्षभर परीक्षेचेच तीन पीस घोटणाऱ्या शिकवणीपासून लांब राहा.

"महिन्याभरात सिनेमाचं गाणं वाजवून देतो" म्हणणाऱ्यापासून आणखी लांब.

शिक्षक ठरण्याआधी व्हायोलिन विकत घेऊ नका. मुलाच्या हाताला अर्ध्या मापाचं लागेल की पाऊण मापाचं, ते शिक्षकांना मोजू द्या.

आता पट्ट्या. बोटं कुठे ठेवायची ते कळावं म्हणून काही शिक्षक फिंगरबोर्डवर चिकटपट्ट्या लावतात, काही अजिबात लावू देत नाहीत. मी लहान मुलांना दोन लावतो आणि चार महिन्यांत काढतो. पण घरी व्हिडिओ बघून स्वतः सहा-सहा पट्ट्या लावणाऱ्यांचा मला मनापासून त्रास होतो, कारण त्यांची नजर पट्टीवरून हलत नाही आणि कान झोपतो. मोठ्यांना मी एकही लावत नाही. तानपुरा लावायचा, सा वर गज लांब ओढायचा, मग प शोधायचा. पंधरा दिवस फक्त एवढंच. अधीर माणसं तिसऱ्या दिवशी "राग कधी?" विचारतात. त्यांना मी पुन्हा सा वाजवायला सांगतो, आणि कोणत्या क्षणी तो तानपुऱ्यात मिसळला ते त्यांनीच मला सांगायचं.

सराव संपला की गज सैल करा, तारांवरचं रोझिन (गजाला लावतात ती राळ) कोरड्या फडक्यानं पुसा.