मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेताय? या चुका टाळा

गेल्या आठवड्यात दुकानात एक मुलगी आली. मोबाईलवर स्ट्रिपचा फोटो. "काका, ही वीसची द्या ना, ताईला लागू पडली होती." चिठ्ठी विचारली, तर ती ताईची, दोन वर्षांपूर्वीची. मी दिली नाही. फणकाऱ्याने निघून गेली, बहुतेक पुढच्या मेडिकलमध्ये.

आयसोट्रेटिनॉइन हे 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध, 1982 पासून वापरात आहे. त्वचेतल्या तेलग्रंथी ते आकसवतं. गाठीसारखे, खड्डे पाडणारे मुरूम बाकी कशाला दाद देत नाहीत, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञ हे देतात आणि ते उत्तम काम करतं. बिघडतं ते बहुतेक वेळा घेण्याच्या पद्धतीमुळे.

सगळ्यात महागात पडणारी चूक लग्नसराईत होते. लग्न ठरलं, फोटोत चेहरा नितळ हवा, म्हणून चार महिने आधी कोर्स सुरू. लग्न होतं, कॅप्सूल चालूच राहते आणि सासरी गोड बातमीची वाट बघणं सुरू होतं. या औषधाने गर्भातल्या बाळाच्या मेंदूत, हृदयात, चेहऱ्यात गंभीर व्यंग येऊ शकतं, थोडेच दिवस घेतलं तरी. कोर्सच्या आधी एक महिना, कोर्सभर आणि संपल्यावर एक महिना गर्भ राहता कामा नये. डॉक्टर अविवाहित मुलीलाही गर्भचाचणी सांगतात तेव्हा आईच्या कपाळावर आठ्या पडतात. पडू देत. तो संशय नसतो, या औषधाचा नियमच तसा आहे. लग्नाची तारीख डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

दुसरी चूक जेवणाची. पिंपल्स आले म्हणून तूप-तेल बंद करायचं आणि सकाळी चहाबरोबर कॅप्सूल गिळायची! हे औषध चरबीत विरघळतं. उपाशीपोटी घेतलं, तर भरपेट स्निग्ध जेवणाबरोबर जेवढं अंगी लागतं त्याच्या जेमतेम निम्मं लागतं. वरणभातावर चमचाभर तूप असलेल्या जेवणासोबत घ्या. उपासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट असतंच, तेही चालेल. औषध अंगी लागलं की ओठ कोरडे पडतातच. ते पडलेच नाहीत असं कोणी सांगितलं, की मी आधी विचारतो, गोळी कशाबरोबर घेताय?

पहिल्या महिन्यात मुरूम वाढल्यासारखे वाटतात. काही जण तिथेच औषध सोडतात. बाकीचे तिसऱ्या महिन्यात चेहरा साफ झाला की सोडतात. पूर्ण कोर्सचा नेहमीचा हिशेब वजनाच्या दर किलोमागे एकूण 120 ते 150 मिलिग्रॅम असा धरतात. म्हणजे 55 किलो वजनाला रोज 20 मिलिग्रॅम घेतलं, तर 120 च्या हिशेबानेही अकरा महिने. डॉक्टर डोस कमी-जास्त करतात, पण मधेच आपल्या मनाने थांबलात तर मुरूम परत येण्याची शक्यता वाढते. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

मुंबईकरांसाठी एक खास गोष्ट. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालून आल्यावर लेप्टोची (त्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची) खबरदारी म्हणून डॉक्सीसायक्लिन देतात. मुरमांसाठीही तेच अँटिबायोटिक दिलं जातं, त्यामुळे त्याची जुनी स्ट्रिप घरात पडलेली असते. ते आणि आयसोट्रेटिनॉइन एकत्र नको, डोक्यातला दाब वाढू शकतो. फॅमिली डॉक्टरांना कोर्स चालू असल्याचं आठवणीने सांगा. 'अ' जीवनसत्त्व असलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्याही नकोत.

पार्लरवाल्या ताईंनाही सांगा. त्वचा इतकी नाजूक झालेली असते की अप्परलिपचं वॅक्स ओढताना सालपट निघतं. कोर्सभर आणि नंतर सहा महिने वॅक्सिंग बंद. लिंबू-बेसन, स्क्रब, जुनी मुरमाची मलमं बाजूला ठेवा. साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, ओठांना व्हॅसलीन, एवढं पुरे.

मंडळाच्या रक्तदान शिबिरात उत्साहाने झोपू नका. तुमचं रक्त एखाद्या गरोदर बाईला चढू शकतं, म्हणून कोर्स संपल्यावर महिनाभर थांबा. रात्री अंधारात कमी दिसू लागलं, तर बाइकही थांबवा.

"मला काही होत नाही" म्हणून रक्ततपासणी टाळणारे खूप. यकृत आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) बिघडतात ते चेहऱ्यावर दिसत नाहीत. दारूने दोन्ही आणखी बिघडतात.

असह्य डोकेदुखी आणि धूसर दिसणं, पोटात जोराची कळ, किंवा मन सतत उदास राहणं, जगणं नकोसं वाटणं, यातलं काहीही झालं तर पुढची कॅप्सूल घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. उदासीबद्दल घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा, कारण ती बऱ्याचदा त्यांच्याच लक्षात आधी येते.