फाउंड फुटेज थरारपट करताय? या चुका टाळा

फाउंड फुटेज म्हणजे पात्रांनीच केलेलं चित्रण नंतर सापडलंय, असं भासवणारा चित्रपट. पत्रकार एखाद्या पंथाच्या वसाहतीत कॅमेरा घेऊन शिरतात आणि आत अडकतात. अशा संहिता माझ्याकडे वाचायला येतात आणि बहुतेक एकाच जागी कोसळतात: गोळ्या सुटल्यावरही हा माणूस शूटिंग का करतोय?

'द सॅक्रामेंट' (२०१३) हा याच प्रकारचा चित्रपट ज्या घटनेवर बेतलाय, तिच्यातच उत्तर आहे. १८ नोव्हेंबर १९७८, गयाना. अमेरिकी खासदार लिओ रायन जोन्सटाउन ही एका पंथाची वसाहत पाहून, तिथून सुटू पाहणाऱ्यांना घेऊन पोर्ट कैतुमाच्या धावपट्टीवर आले. पंथाचा प्रमुख जिम जोन्स याच्या माणसांनी गोळीबार केला. एनबीसी या अमेरिकी वाहिनीचे कॅमेरामन बॉब ब्राउन चित्रण करत राहिले आणि मारले गेले. चित्रण मात्र उरलं. कॅमेरा चालू ठेवणं हे त्यांचं काम होतं. तुमच्या पात्राचंही ते काम असू द्या, आणि ही सवय पहिल्या दहा मिनिटांतच दाखवा.

एका तरुण मंडळींच्या लघुपटात नायिका आणि तिचा सहकारी जीव मुठीत धरून पळताना दिसतात. चारही हात फ्रेममध्ये, तिसरं कुणी जिवंत नाही. ऐन शेवटाला प्रेक्षक हसले. त्यावर मंडळींचा उपाय काय, तर फ्रेम अजून हलवू! असल्या घाईने हा प्रकार बदनाम झालाय. मी संहितेच्या समासात प्रत्येक प्रसंगापुढे तीन गोष्टी लिहून घेते: कॅमेरा कुणाच्या हातात, का चालू, फुटेज बाहेर कसं आलं. एक जागा रिकामी राहिली तरी प्रसंग कापायचा.

कॅमेरा उगाच हलवू नका. व्यावसायिक माणसाचा हात स्थिर असतो.

सापडलेली कच्ची टेप दाखवताय, तर पार्श्वसंगीत नको. कुणीतरी संकलित केलेला माहितीपट असेल तर चालेल.

जुन्या टेपचा फिल्टर लावून भीती येत नाही.

दुसरी मोठी चूक म्हणजे पहिल्याच फ्रेमपासून सैतान दिसणारा बाबा आणि बावळट भक्त. १७ नोव्हेंबरच्या रात्री जोन्सटाउनमध्ये गाणी झाली, नाच झाला. इथल्या काहींना ही आयुष्यातली सर्वांत चांगली गोष्ट वाटते, असं रायन म्हणाले तेव्हा टाळ्या थांबेनात. त्याच रात्री एका रहिवाशाने एनबीसीचे वार्ताहर डॉन हॅरिस यांच्याकडे चिठ्ठी सरकवली: आम्हाला इथून बाहेर काढा. टाळ्या आणि चिठ्ठी, दोन्ही लिहा. गोरे-काळे एकत्र राहतील, म्हाताऱ्यांची काळजी घेतली जाईल, या आशेने माणसं तिथे गेली होती. ती आशा प्रेक्षकाला खरी वाटली नाही, तर पुढचं काहीच लागत नाही.

आणि शेवटाला 'सामूहिक आत्महत्या' म्हणून मोकळे होऊ नका. १८ नोव्हेंबरलाच, धावपट्टीवरच्या गोळीबारानंतर, जोन्सच्या आदेशावरून वसाहतीत विष दिलं गेलं आणि ९०० हून अधिक माणसं मेली, त्यांत ३०० च्या वर मुलं होती. मुलांना विष पाजलं गेलं, तो खूनच होता. अखेरच्या सभेच्या ध्वनिफितीत पंथातल्याच क्रिस्टीन मिलर सगळ्यांसमोर जोन्सशी वाद घालताना ऐकू येतात. मुलांना जगू द्या म्हणतात. तुमच्या संहितेत असं उभं राहून बोलणारं माणूस नसेल, तर शेवट पुन्हा लिहा.