आईचा फोन बदलायचाय? किमतीआधी सिम बघा

आईचा फोन पाटणच्या एसटीत पडून फुटला, मग साताऱ्यात दुकानं फिरताना कळलं की आधी सिम बघायचं. जिओला टूजी-थ्रीजी नाहीच, त्यामुळं फोरजी आणि व्होल्टी (VoLTE, म्हणजे फोरजीवरूनच कॉल लागणं) पाहिजेच, साधा टूजीवाला फोन घेतला तर जिओचं सिम चालणारच नाही. जिओभारत हा जिओचा बटणांचा फोन स्वस्त आहे खरा पण त्यात फक्त जिओच चालतं, गावाकडं बीएसएनएलची रेंज असेल तर नका घेऊ. बीएसएनएलवाल्यांनी फोनात बँड २८ आहे का बघा, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झच्या फोरजी लहरींचा पट्टा, तो लांबवर आणि घराच्या आतपर्यंत पोचतो. सेकंडहँड असेल तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर, काढा, इंग्रजीत केवायएम लिहून स्पेस देऊन तो नंबर १४४२२ ला मेसेज करा, उत्तरात ब्लॅकलिस्ट, म्हणजे बंदी घातलेला फोन, असं आलं तर पैसे देऊच नका. आणि आपलं सिम दुकानातच घालून एक कॉल लावा, लाजू नका.